डिसेंबरचा स्तंभ

आठवीतली मयुरी वर्गाच्या भिंतीवरच्या तक्त्यावर दर महिन्याच्या गैरहजेरीचा स्तंभ काढायची. न आलेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन ती कारणही विचारून यायची. ऑक्टोबरचा स्तंभ बोटभर होता, नोव्हेंबरचा वीतभर झाला, आणि कारण सगळ्या घरांत एकच: कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत.

जानेवारीत धुळ्याहून साहेब शाळा तपासायला आले. तक्ता बघून खूश झाले आणि खालचं नाव वाचून म्हणाले, "शाब्बास! पण डिसेंबरचा स्तंभ काढायचा राहिला की. मयुरी कोण? उभी राहा, बेटा."

मयुरीच्या शेजारी बसणारी मोहिनी उभी राहिली आणि अहिराणीत म्हणाली,



"साहेब, मयुरी डिसेंबरना स्तंभमाच शे."