कडेवरचा कण

“अत्तर लावलं का, बाबा?” सोनलनं लॅबच्या दारातच देवानंदांना अडवलं.

“थोडंसंच.”

“धुऊन या. मशीन वासही पकडते.”

देवानंद नळाकडे गेले. पोलादाच्या प्लांटमध्ये कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनच्या धगीत उभी हयात काढलेला माणूस, आज इस्त्रीच्या शर्टात घामाघूम झाला होता. बायको गेली, मग नोकरीही संपली, आणि स्मृती नगरातल्या घरात ते दिवसभर टीव्हीशी भांडत बसत. त्यात सोनलचं लग्न ठरलं. दिवाळीनंतर ती रायपूरला जाणार. बाबांचं काय, या घोरानं तिनंच धीर करून आपल्या लॅबच्या प्रमुख विजया मॅडमजवळ विषय काढला होता.

“आण एकदा. पाहू,” एवढंच मॅडम म्हणाल्या होत्या. तेव्हापासून पोरीनं देव पाण्यात ठेवले होते.

देवानंद आत येताच मॅडमनी आधी तब्येत विचारली. मग म्हणाल्या, “तंबाखू?”

“सोडली. हिनंच सोडवली.”

“रागीट आहात?”

“ओव्हनवर होतो. घरी नाही.”

मॅडम हसल्या नाहीत. नव्या माणसाला एक नमुना भरायला लावायचा, ही त्यांची जुनी रीत. त्यात माणूस कळतो म्हणे. त्यांनी कोळशाची भरड आणि नखाएवढी वाटी पुढे ठेवली. देवानंदांनी खलबत्ता जवळ ओढला.

“कुटू नका. इथे नमुना आहे तसाच चालतो. इन्फ्रारेड प्रकाश पडला की तो बारीक आवाज करतो, आतला माइक तो ऐकतो. फक्त झाकण घट्ट बसलं पाहिजे.”

श्वासाची वाफ लागू नये म्हणून देवानंदांनी दम धरला. वाटी भरली, चिमट्यानं कप्प्यात ठेवली. मॅडमनी झाकण उचललं. गंगेत घोडं न्हालं, सोनलला वाटलं.

“थांबा मॅडम,” देवानंद म्हणाले. “कडेवर कण राहून गेला. झाकण बसनार नाही. चुकलं माह्यं, मी पुन्हा भरतो.”

सोनलनं कपाळाला हात लावला. कोणाच्या लक्षात येणार होतं? पण बाबांना गप्प बसवेल तर शपथ!

वाटी पुन्हा भरली. हेलियम सोडून आतली हवा काढली, माइकला आवाज जाऊ नये म्हणून पंखा बंद केला. तिघंही चिडीचूप उभी राहिली. पडद्यावर रेघ चढत-उतरत गेली, अगदी स्वच्छ.

“कण मले दिसला होता,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही बोलता का, ते पाहून राहिली होती.”

देवानंद कानापर्यंत लाल झाले. मॅडम सोनलकडे वळल्या.

“माह्या बाजूनं हो आहे.”

सोनलला आनंदानं रडूच फुटलं.

“रडू नको. पण एक सांगून ठेवते,” मॅडम पहिल्यांदाच हसल्या, “यांचं-माह्यं लग्न झालं की घरी मले मॅडम म्हणायचं नाही.”