केतकीची ओ

घटस्फोटानंतर कोर्टाने केतकीला तिचं माहेरचं नाव परत दिलं, पण ओळखपत्राच्या कार्यालयातलं यंत्र ते मानेना. हे यंत्र नावाने हाक मारायचं आणि माणसाचा मेंदू ओ देतो का ते तपासायचं. आज तिची चौथी खेप होती. 'केतकी' ऐकून मेंदू गप्पच राहिला. अठ्ठावीस वर्षं सासरी वापरलेल्या 'समीक्षा'ला मात्र त्याने लगेच ओ दिली.

"घरच्यांना रोज या नावाने हाक मारायला सांगा," खिडकीतल्या रणपिसेबाई म्हणाल्या.

"तशी हाक मारणारं आता कुणी उरलं नाही हो," म्हणत तिने थकून पिशवी उचलली.

"केतकी!" मागून हाक आली. ती चालतच राहिली. दुसऱ्या हाकेला थबकली.

"रोज जेवणाच्या सुट्टीत येत जा," रणपिसेबाई म्हणाल्या. "मी हाक मारत जाईन."