प्रतीक्षा यादीतला पहिला

एमबीएच्या निवड यादीत धाकट्या बहिणीचं नाव होतं आणि प्रतीक्षा यादीत थोरल्या भावाचं, तेही पहिलं. त्याने कॉलेजात फोन करून विचारलं, "नंबर लागावा म्हणून मी काय करू?"

"आता तुमच्या हातात काही नाही. कुणी जागा सोडली, तरच," तिथला कारकून म्हणाला.

त्याने फोन ठेवला आणि तडक बहिणीची खोली गाठली. ती "दादा, अरे काय झालं?" म्हणेपर्यंत त्याने केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं होतं.

"जागा सोडल्याचा मेल टाक."

"मरेन, पण टाकणार नाही."

मग त्याने तिचा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि सगळा जोर लावून दार लोटलं. तिच्या किंकाळीसरशी बाहेर बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. शेवटी डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत तिने मेल पाठवला.

दोन दिवसांनी त्याने पुन्हा फोन लावला. "एक जागा रिकामी झालीय ना?"

 

"झाली होती. पण ती मुलींसाठी राखीव होती, त्यामुळे यादीतल्या पुढच्या मुलीला दिली."