गिरणीतल्या बाईचं हसणं

आमच्या गावची गिरणी जळाली तेव्हा एक विणकर बाई आत राहिली, एवढंच इतिहासाला ठाऊक आहे. तिचं नावसुद्धा कुणी टिपून ठेवलं नाही. मी तिच्यावर कादंबरी लिहायला घेतली, पण बाई काही केल्या जिवंत होईना. शेवटी मी तिला माझ्या ताईचं हसणं देऊन टाकलं. आधी नाकातून फुस्स, मग मांडणीवरची भांडी कोसळावीत तसं.

बाई उठून उभी राहिली. ताई मात्र त्या दिवसापासून हसायची थांबली.

"अगं, हस की," मी म्हणायचे. "भावोजी पुन्हा स्वतःच्याच चष्म्यावर बसले."

"हसू येतंय गं," ताई गळ्याला हात लावून सांगायची. "पण गळ्याच्या वर येतच नाही."

डॉक्टरांना काही सापडलं नाही. मग तिचं बोलणंही खोल खोल जायला लागलं, विहिरीतून आल्यासारखं.

आज दुपारी मी कादंबरीतलं ते हसणं पानोपानी खोडलं. बाई पुन्हा कागदी झाली. वाईट वाटलं, पण बहिणीपुढे कसली आलीय कादंबरी!

शेवटची ओळ खोडली आणि स्वयंपाकघरातून फुस्स आवाज आला. मग तेच, भांडी कोसळल्यासारखं हसणं. माझा जीव भांड्यात पडला.

"ताई, आलं की गं!" मी ओरडले.

मागून माझ्या खांद्यावर ताईचा हात पडला.

"मी इथे आहे," ती कुजबुजली.

आतलं हसणं थांबलं. मधल्या दाराची कडी आतून सरकली.