मागचं वजन

गॅरेजात गाडी चार वजनकाट्यांवर उभी होती, प्रत्येक चाकाखाली एक. तो स्टिअरिंगवर बसूनच होता.

"स्प्रिंग किती कडक घालायच्या, ते आत बसणाऱ्यांवर ठरतं," मेकॅनिकनं खिडकीशी वाकून विचारलं. "मागे कोण बसतं?"

"कोणी नाही हो. मी एकटाच असतो. तुम्ही बिनधास्त कडक घाला, वळणावर गाडी कलता कामा नये."

"हाडं खिळखिळी होतील, साहेब. साध्या खड्ड्यातही दणका बसेल."

"बसू दे की! गाडी आहे, पाळणा नाही."

मेकॅनिक हसत आकडे बघायला गेला आणि डोकं खाजवत परत आला. "मागची डावी बाजू फारच जड दाखवतेय. काही सामान ठेवलंय का?"

काळ्या काचेमागून, मागच्या डाव्या सीटवरून हलकेच आवाज आला. "सामान नाही हो, मी आहे. याची आई. कंबर दाखवायला गेलो होतो, तिथूनच आलोय."

मेकॅनिकनं नजर दुसरीकडे वळवली. मुलाला मात्र मान वळवून मागे बघायचा धीर होईना.

"उतरू का रे मी?" आईनं विचारलं. "माझ्यामुळे उगाच तुझं माप चुकायचं."