शिमग्याच्या आत

"यंदा पवईपर्यंत सायकल मारायची. रोज," महादूने जाहीर केलं आणि चेनवर आणखी थोडं तेल सोडलं.

एकोणीसशे शहाऐंशी सालचा पहिला दिवस होता. नाहूरच्या त्या चाळीत नव्या वर्षाला बरेच जण बरंच काही ठरवत. कुणी दारू सोडी, कुणी तंबाखू, आणि संक्रांतीपर्यंत सगळे पुन्हा माणसांत येत. महादू त्रेपन्न वर्षांचा, मुलुंडच्या एका कारखान्यात भट्टीवर कामाला. या वयात त्याला सायकलचं वेड लागलेलं बघून लोक हसले. "काका, ऑलिम्पिकला नाव दिलंत काय?" शेजारच्या लताने विचारलं.

मनाला लागलं ते फक्त सहदेवच्या. सहदेव महादूचा एकुलता मुलगा. गिरणीत बदली कामगार होता. संपात गिरणी बसली ती बसलीच, तेव्हापासून तोही घरी. आदल्या रात्री तो थोडी घेऊन आला होता आणि जेवता जेवता बोलून गेला होता, "धोंडिरामकाका बरा. जाताना पोराला चिकटवून गेला."

त्याच्या आईने, शेवंतीने, भाताचं पातेलं आदळलं. महादू खाली मान घालून जेवत राहिला.

कारखान्याचा नियमच तसा होता. कामगार नोकरीत असताना गेला, तर त्याच्या जागी मुलाला घेत. पण मुलगा पंचवीस वर्षांच्या आतला हवा. नुसता आजारी पडून मेडिकलमध्ये नापास झाला, तर हिशेब घ्यायचा आणि घरी बसायचं. धोंडिराम गणपतीत भट्टीसमोरच कोसळला आणि त्याचा अंबादास दसऱ्याच्या आत कामावर लागला. सहदेव शिमग्यातला जन्म. येत्या शिमग्याला त्याला पंचवीस पूर्ण होणार होती.

महादूची मेडिकल शिमग्यानंतर होती. तेव्हा सायकल कशासाठी, हे सहदेवने लगेच ओळखलं. आपण बोललो त्याचं हे उत्तर होतं. मी इतक्यात मरत नाही, म्हातारा सांगत होता.

महादू खरंच रोज जाऊ लागला. उजाडता उजाडता निघायचा, गांधीनगरचा चढ चढून पवईच्या तलावापर्यंत जायचा आणि घामाने निथळत परतायचा. दारात सायकल टेकवली की छातीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहायचा. मग मान हलवून आत यायचा. शेवंतीला कौतुक. ती नवऱ्यासाठी अंडं उकडून ठेवी. तो ते सहदेवच्या ताटात सरकवी आणि कोरा चहा पिऊन कामावर जाई.

"अहो, एवढा घाम गाळताय, काहीतरी पोटात घाला," ती म्हणे.

"माका भूक नाय गो."

फेब्रुवारीत पवई त्याला पुरेना. तो आरेपर्यंत जाऊ लागला. तिथला चढ सायकलवरून न उतरता, न थांबता चढायचा, हा त्याने नवा नेम केला. पुढे कॅरिअरला रेतीचं पोतं बांधलं. "वजन असलं की दम बरोबर लागतो," तो म्हणाला. चाळीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. सहदेवला मात्र ते पोतं बघून संताप यायचा. जगायची एवढी हाव! दिवसभर लोकांच्या दारात अर्ज घेऊन फिरावं आणि घरी यावं तर बाप दंडाच्या बेटकुळ्या काढून बसलेला. मग त्याला स्वतःचीच किळस वाटे. आपण बापाच्या मरणाची वाट बघतो आहोत, हे त्याला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

शिमगा जवळ आला तसा महादू पिसाटला. सकाळची फेरी झाली तरी पाळी सुटल्यावर भर उन्हात पुन्हा निघायचा. होळीच्या दिवशी तर पुरणपोळी तशीच टाकून गेला आणि दिवेलागणीला परतला. सहदेव दारातच उभा होता. महादूने त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्या आठवड्यात सहदेवला पंचवीस पूर्ण झाली. शेवंतीने खीर केली. नियमाचं नाव कुणी काढलं नाही.

नंतर मेडिकल झाली. कारखान्याच्या डॉक्टरने महादूला दोनदा तपासलं, यंत्रावर छातीचा आलेख काढला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "पस्तिशीच्या पोराचं हृदय आहे तुमचं. रिटायर होईपर्यंत बघायला नको."

शेवंतीने अख्ख्या चाळीत साखर वाटली. बाया म्हणाल्या, नशीब काढलंस. महादू गॅलरीत कठड्याला टेकून एकटाच उभा होता. त्याच्या तळहातावरची साखर घामाने विरघळून गेली होती.

सहदेव बाहेर आला. इतके दिवस दाबलेलं सगळं त्याच्या तोंडाशी आलं होतं.

"जिंकलात बाबा. आता खुशाल जगा."

महादू वळला. तो रडत होता, आणि रडणं लपवायचीही त्याला शुद्ध नव्हती.

"माफ कर रे झिला," तो म्हणाला. "दिवाळीतच भांडुपच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, जिना चढलास तरी हृदय बंद पडेल. मी रोज आरेचा चढ चढलो. पण ते थांबलंच नाही रे."