कढईचा भाव

वडिलांचं तेरावं झाल्यावर भांड्यांच्या दुकानाचे कासारशेठ भेटायला आले, तेव्हा विनयाने आधी माफीच मागितली. "रोज कढईचा भाव विचारून अण्णांनी तुम्हाला फार पिडलं. घेतली मात्र एकदाही नाही."

"अहो ताई, कढई कुणाला हवी होती? शंभर पावलं चालले की त्यांच्या पोटऱ्या भरून यायच्या. पायांना रक्तच पुरत नव्हतं. भाव विचारेपर्यंत कळ ओसरायची. अख्ख्या पेठेला ठाऊक होतं. घरी तेवढं बोलू नका, म्हणायचे."

विनयाला दवाखाना आठवला. अण्णांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, "चालताना यांचे पाय दुखायचे का?" तिने ठामपणे सांगितलं होतं, "छे, जागोजागी थांबायची खोडच आहे त्यांना." बाजारात तर ती चिडून, त्यांना तिथेच सोडून तरातरा पुढे निघायची.

विचारू नये असं वाटत असूनही तिने विचारलं, "मी अशी निघून गेल्यावर काय म्हणायचे हो?"

कासारशेठ हसले. "तुम्ही कोपऱ्यावर दिसेनाशा होईपर्यंत बघत राहायचे. मग मला म्हणायचे, 'शेठ, चाल बघितलीत पोरीची? अगदी माझ्यावर गेलीय.'"